फोडलेलं ढेकूळ

मोहित, तो मोबाइल ठेव बाजूला आणि शेकोटीत दोन लाकडं सरकव. परवा तू चुलत्याकडून जमिनीचा तुकडा घ्यायचं म्हणत होतास. ‘घरातलाच माणूस, कागद कशाला?’ असं वर मलाच ऐकवलंस. तेव्हा काही बोललो नाही. आज बोलतो. भुताची गोष्ट हवी होती ना तुम्हाला? ही घ्या. इकडून तिकडून ऐकलेली नाही. ज्याच्यावर बेतली तो माणूस आमच्याच शाळेत गणित शिकवायचा. गुरुप्रसाद सर. राजारामपुरीत राहतात. खोटं वाटलं तर जाऊन विचारा. चहा देतील, गप्पा मारतील, पण गॅलरीत काही जाऊ देणार नाहीत.

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या आदल्या रात्री, बुधवारी, जेवणं उरकल्यावर सर घरातून निघाले. काम तसं साधंच होतं. मूठभर माती शहराबाहेरच्या गडमुडशिंगी गावात पोचवायची. वर्तमानपत्रात बांधलेली पुडी त्यांनी स्कूटरच्या डिकीत ठेवली, कानाला मफलर गुंडाळला. त्यांची बायको अवंतिका दारात उभी होती.

“उद्या उजेडी गेलात तर नाही का चालणार?”

“उद्या ऋषभ घरात असेल. आज त्याची पाण्याची पाळी आहे, रानात असणार.”

“त्या बाईनं भर कोर्टात तुमचं नाक कापलं, आणि तुम्ही तिनं बोलावलं म्हणून निघालात.”

सरांनी मफलरची गाठ घट्ट केली. त्यांनी किक मारली.

आता ही बाई कोण, आणि ही माती कसली, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

गडमुडशिंगीत तात्यासाहेब मगदूम म्हणून शेतकरी होते. जैन माणूस, बोलणं रोखठोक, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या रानातली बैलं थांबावीत. नियमाला मात्र पक्के. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. एकदा सर संध्याकाळी गेले होते, तेव्हा तात्या जेवत होते. ऊन भिंतीवरून उतरलं तसं अर्ध्या भाकरीवर हात धुतला आणि उठले. जन्मभर असंच. त्यांचा मुलगा ऋषभ सरांचा विद्यार्थी. गणिताच्या नावानं शंख होता. सरांनी घरी बसवून बसवून त्याला दहावी पार करवली, एक पैसा घेतला नाही. तात्या ते विसरले नाहीत. सरांना निवृत्तीनंतर दोन खोल्यांचं घर आणि पुढं चार झाडं हवी होती. तात्यांनी रस्त्याकडेचा छोटा तुकडा देऊ केला.

“पावणं, तुमास्नी न्हाय द्यायचा तर कुणाला?” ते म्हणाले. ओळख वीस वर्षांची झाली तरी सरांना ते पावणंच म्हणायचे.

अडचण एकच. एवढा लहान तुकडा नावावर करायला तेव्हा सरकारची मनाई होती. तुकडेबंदी म्हणतात ती. तात्या म्हणाले, बंदी आज ना उद्या उठंल, उठली की खरेदी करून देतो, तवर माझा शब्द. सरांनी निवृत्तीचा सगळा फंड त्यांच्या हातात ठेवला आणि पावतीसुद्धा मागितली नाही. मागायची लाज वाटली त्यांना. जमीन देताना मगदुमांच्या घरात एक रीत होती. त्याच रानातली ओली काळी माती मालक मुठीत दाबायचा, तिचं ढेकूळ करायचा आणि घेणाऱ्याच्या ओंजळीत ठेवायचा. तात्यांनी तसं केलं. तात्यांच्या उजव्या हाताची तर्जनी कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडून पेरावर तुटलेली होती. ढेकळावर बोटांचे ठसे उठले, त्यात एक आखूड. शेजारी अक्काताई, तात्यांच्या पत्नी, नारळ घेऊन उभ्या. साक्षीला त्या, आणि वर आभाळ. बस.

सरांनी ते ढेकूळ घरी आणलं. अवंतिकावहिनींनी हात जोडले. जमिनीची माती, लक्ष्मी आली घरात, असं म्हणून त्यांनी ते फोडलं आणि गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत घातलं. वर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. आपल्या शहरातल्या माणसांना माती म्हटली की कुंडीच सुचणार, दुसरं काय! रीतीप्रमाणं असं ढेकूळ कापडात बांधून माळ्यावर ठेवतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. तात्या रानातच गेले, बांधावर बसल्या बसल्या. त्यानंतर बंदी सैल झाली. सर ऋषभकडे गेले. पण मधल्या काळात रस्ता रुंद झाला होता आणि रानाच्या कडेला गाड्या घेऊन माणसं उभी राहायला लागली होती.

“सर, कागद असला तर दावा की,” ऋषभ म्हणाला. मान वर न करता म्हणाला, एवढी शरम होती. “तात्यांनी मला कवा सांगितलं न्हाय.”

सरांनी कोर्टात दावा लावला. सरांच्या वकीलबाई म्हणाल्या, तोंडी व्यवहार कायद्यात बसतो सर, पण तो शाबित करायला कुणाचं तरी तोंड लागतं. तोंड एकच उरलं होतं. त्या बुधवारी अक्काताई साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. नवऱ्यानं जमीन दिली होती का, शब्द दिला होता का, ढेकूळ दिलं होतं का, सगळं विचारून झालं. अक्काताई लेकाकडं बघत राहिल्या.

“मला काय म्हाईत न्हाय,” त्या म्हणाल्या.

सरांच्या पायाखालची जमीन तिथंच गेली. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना अक्काताई त्यांना घासून पुढं गेल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “रातीला या. ढेकूळ घिऊन या. पाया पडते तुमच्या.”

आता ढेकूळ कुठून आणायचं? सरांनी तुळशीच्या कुंडीतली मूठभर माती उकरली आणि पुडी बांधली. एवढीच ती गोष्ट.

उचगाव मागं पडलं. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडं चालले होते, त्यांच्यामागं सर हळूहळू जात राहिले. पौर्णिमा जवळ आलेली, चांदणं स्वच्छ पडलेलं. मनात रागही होता आणि एक वेडी आशाही होती. बाईला पश्चात्ताप झाला असेल. कागदावर चार ओळी लिहून देईल. अंगठा तरी देईल. माणूस बुडताना कशाला हात घालेल सांगता येत नाही.

मगदुमांचं घर गावाच्या कडेला, रानाला लागून. सोप्यात एकच दिवा. अक्काताई उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. सरांना आधी दिसला तो उंबऱ्याबाहेरचा तांब्या. काठोकाठ भरलेला, वर पाणी गाळायचं पांढरं फडकं.

“अक्काताई, हे पाणी? या वेळी?”

“बसा, मास्तर.” बाईंचा आवाज बसला होता. “सांगते. ढेकूळ आणलासा न्हवं?”

सर उंबरा ओलांडून आत बसले. “आणलं. पण कशासाठी ते कळू दे.”

“आमच्या घरची रीत हाय. येव्हार मोडला की घेणाऱ्यानं ढेकूळ आपल्या हातानं रानात परत टाकायचं. ‘सोडला’ म्हनायचं. मग देणारा मोकळा हुतो.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “त्येन्ला मोकळं करा, मास्तर. येत्यात ओ ते. रोज येत्यात.”

“कोण?”

अक्काताईंनी नाव घेतलं नाही. नवऱ्याचं नाव त्यांनी कधीच घेतलं नव्हतं.

सरांचं डोकं भडकलं. “हे ऋषभनं शिकवलंय तुम्हाला? मी ‘सोडला’ म्हणायचं, तुम्ही उद्या ते कोर्टात सांगायचं. एवढंच तोंड उघडणार तुम्ही?”

“ऋषभला कळलं तर मला ह्या घरात ठेवायचा न्हाय.” बाई रडत नव्हत्या, त्यानं सरांना जास्त कसंतरी झालं. “कुठं जाऊ ह्या वयात? म्हणून खोटं बोलले. मला नरक मिळू दे. पर त्येंनी काय केलंय? रातीला येत्यात नि पाणी मागत्यात. ज्या माणसानं जन्मात दिस मावळल्यावर पाण्याला हात लावला न्हाय, त्यो रातीला पाणी मागतोय, मास्तर. मी म्हटलं, आवो, नेम मोडतोय की. तर म्हंत्यात… घशात आडकलंय.”

“काय अडकलंय?”

“शबूद.”

सरांनी तांब्याकडं पाहिलं. बाहेर कुत्री भुंकत होती, ती गप्प झाली. एकदम सगळी.

मग आवाज आला.

घट… घट… घट…

कोणीतरी पाणी पीत होतं. उंबऱ्याच्या पलीकडं. हाताच्या अंतरावर.

सर बघत होते. तांब्या जागच्या जागी होता. हलत नव्हता. फडकं मात्र मध्ये खचत होतं. पाणी खाली जात होतं तसं तसं. घट… घट… आणि उंबऱ्याच्या दगडावर ओल पसरत होती. प्यालेलं पाणी कुठं थांबत नव्हतं. तसंच खाली गळत होतं.

फडकं तळाला टेकलं. आवाज थांबला.

“रोज भरून ठेवते,” अक्काताई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या. “तहान काय भागत न्हाय.”

सर उठले. राग कुठल्या कुठं गेला होता. मोहित, तुला सांगतो, त्या माणसानं सगळा फंड घातला होता त्या तुकड्यात. रोज रात्री घराचा नकाशा काढत बसायचा, स्वयंपाकघर पूर्वेला, इथं पारिजातक. ‘सोडला’ हा एक शब्द उच्चारला की ते सगळं संपलं. अपील नाही, पुढची तारीख नाही. आणि तरी तो उठला. भीती होतीच, नाही कशाला म्हणू? पण नुसती भीती नव्हती. ज्यानं आपल्याला पावणं म्हणत घासातला घास दिला, त्याचा घसा असा कोरडा, हे त्याला सोसेना.

त्यांनी डिकीतून पुडी काढली आणि रानाची वाट धरली.

दोन्हीकडं ऊस. मध्ये पायवाट. लांब विहिरीवर मोटर चालू होती. तिथं ऋषभ असणार, मोबाइलचा उजेड हलताना दिसत होता. तो तुकडा ओळखीचा होता. ऋषभनं आता त्याला तारेचं कुंपण घातलं होतं. सर तारेखालून वाकून आत गेले. मफलर तारेत अडकला, तसाच राहिला.

ते मध्यभागी उभे राहिले. पुडी उघडली. माती जमिनीवर ठेवली, दोन्ही हातांनी. घसा साफ केला.

“तात्या… तुमचा शब्द… मी सोडला.”

काही नाही. मोटरचा आवाज तेवढा.

सरांनी श्वास सोडला. डोळे भरून आले त्यांचे, खरं सांगायचं तर. जमीन गेली, पण झालं एकदाचं. ते वळले.

मागं कुणीतरी खोकलं.

तो खोकला त्यांच्या ओळखीचा होता.

ते हलले नाहीत. मान हळूच फिरवली. चांदण्यात माती दिसत होती, ठेवलेली. आणि तिच्यावर एक हात. नुसता हात दिसत होता, पुढचं उसाच्या सावलीत. हातानं चिमूट उचलली. अंगठा फिरला. शेतकरी माती बघतो तसा, चोळून चोळून. बोटांत एक बोट आखूड.

चिमूट खाली पडली.

“पावणं…”

आवाज अगदी हळू. बांधावरून हाक मारणाऱ्या माणसाचा, इतका हळू.

“ही… आमची न्हवं.”

सरांना एकदम उमगलं. कुंडीतली माती. नर्सरीतून आणलेली तांबडी माती, शेणखत, विटकरीचा चुरा. तिच्यात तात्यांचं ढेकूळ होतं की नव्हतं, असलं तर किती, कोण सांगणार?

“तात्या… चूक झाली. घरात… तुळशीत घातलं… फोडून…”

“…फोडलं?”

हात तसाच. रिकामा, उताणा.

तेवढ्यात मोटर बंद पडली. वीज गेली असावी. सगळं रान एकदम गप्प झालं, आणि विहिरीकडून ऋषभचा आवाज आला.

“कोन हाय रं तिकडं?”

सर बोलणार होते. त्याआधी शेजारून उत्तर आलं.

“मी हाय.”

“कोन हाय? बोलत का न्हाईस?”

“मी हाय रं… मी… लेकरा…”

मोबाइलचा उजेड इकडं फिरला. कुंपणावर, उसावर, सरांच्या पायांच्या जरा अलीकडं थांबला. ऋषभ कान देऊन उभा होता, ते सरांना दिसत होतं. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

“शबूद दिलाय… ऋषभ… मी दिलाय… खरं हाय…”

उजेड वळला. “डुक्कर आसंल,” ऋषभ स्वतःशी म्हणाला, आणि चालायला लागला.

“ऋषभ…”

उजेड लांब गेला.

“ऋषभ…”

दिसेनासा झाला.

सर उभे होते. सगळं ऐकू येत होतं. ज्याचं कोर्टात कुणी ऐकलं नव्हतं, नेमकं त्याच माणसाला. उद्या कुणाला सांगणार होते ते? काय म्हणून?

“मी सांगितलं आसतं की पावणं…” शेजारचा आवाज आता मातीतून येत होता. “कोर्टात. उभं ऱ्हाऊन. पर मला… इचारतंय कोण…”

मग तेही थांबलं.

सर तारेखालून कसे बाहेर आले, स्कूटर कशी चालवली, त्यांना आठवत नाही. घरी आले तेव्हा अंगात थंडी भरली होती. वहिनींनी घोंगडं टाकलं, काढा दिला. पहाटे त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती वहिनींच्या हाकेनं. पूजेचं पाणी घेऊन त्या गॅलरीत गेल्या होत्या आणि दारातच थांबल्या होत्या.

तुळस होती तशीच, हिरवीगार. एक पान पडलं नव्हतं. कुंडीतली माती सारखी केलेली. तांबडी माती, नुसती तांबडी, काळा कण नाही. आणि कुंडीच्या काठावर एक ढेकूळ. काळंभोर. ओलं. वर चार बोटांचे ठसे, त्यात एक आखूड. वहिनींनी स्वतःच्या हातानं फोडलेलं, तेच, अख्खं.

सर त्याच्यासमोर खाली बसले. तात्यांनी ते वेचून दिलं होतं, एवढं कळत होतं. पण कशासाठी? आता खरं ढेकूळ आण आणि मला मोकळं कर, म्हणून? की माझा शब्द तुझ्याजवळच राहू दे, परत आणू नको, म्हणून? रात्री विचारायचं सुचलं नाही. आता कुणाला विचारणार? रानात नेऊन टाकावं तर दिलेला शब्द लाथाडल्यासारखं. ठेवावं तर तो माणूस तहानलेला. पुडी तारेआड राहिली होती, मफलर तारेत. ऋषभनं त्याच आठवड्यात कुंपणाच्या जागी भिंत घातली. निकाल लागायचा तो लागला. अपील करायचं की नाही, वकीलबाई अजून विचारतात. सर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत.

नाही मोहित, हात लावून बघता येणार नाही. मी एकदाच बघितलंय, लांबून.

एवढं मात्र करतात सर. रोज संध्याकाळी, ऊन भिंतीवरून उतरायच्या आत, गाळलेल्या पाण्याचा तांब्या त्या कुंडीशी नेऊन ठेवतात. दिवस मावळायच्या आधी, म्हणजे तात्यांचा नेम मोडायला नको. सकाळी बघावं तर तांब्या भरलेला असतो. थेंब कमी नाही. काठावरच्या ढेकळावर कुणी पाणी घालत नाही.

आणि ढेकूळ अजून ओलंच आहे.